घरतबाईंची दुबार टिंबं

घरतबाई ऑफिसात आल्या की पिशवी खाली ठेवायच्या आधी खिडकीशी जायच्या, काच चार बोटं सरकवायच्या आणि वास घ्यायच्या. मग आमच्याकडे वळून विचारायच्या, "तुमाला येतोय?" आम्ही नाही म्हटलं की काच लावून कामाला बसायच्या. अकरा वर्षांत एक दिवस सोडला तर त्यांनी हे चुकवलेलं मला आठवत नाही.

ओजस, इरा, त्या गेल्या महिन्यात वारल्या. उरणला मुलीकडे, वय झालं होतं. मुलीचा फोन येऊन गेला आणि नंतर दोनच दिवसांनी ओजस, तू मला सांगत होतास की नकाशावरची दुबार टिंबं कशी काढायची ते तुम्हाला शिकवलं. "एका ओळीत होतं आजी, काही नसतं त्यात." मी तेव्हा बरं म्हटलं. मला फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी महाप्याला एका कंपनीत नोकरीला होते हे तुम्हाला माहीत आहे. तिथे काय चालायचं ते बहुधा माहीत नसेल. आम्ही नकाशांसाठी माहिती गोळा करून द्यायचो. झाडं, विजेचे खांब, गटारांची झाकणं, घरं, ज्याला जे हवं ते. पाहणी करणारी मुलं-मुली फोन घेऊन हिंडायची आणि प्रत्येक वस्तूपाशी उभं राहून फॉर्म भरायची. त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोन आपोआप नोंदवायचा. आमच्या पडद्यावर एक टिंब उमटायचं. हजारो टिंबं जमली की ती साफ करायची आणि यादी पुढे पाठवायची. मी त्या विभागाची प्रमुख होते, शेवटची सही माझी असे.

घरतबाई मूळच्या तळवलीच्या. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून ते जुनं गाव आहे, आणि रस्त्यापलीकडे कारखाने. पाहणीच्या मुलांना गावातल्या गल्ल्या सापडेनात, म्हणून वाट दाखवायला त्यांना घेतलं होतं. वय पन्नाशीच्या पुढे, उंची जेमतेम पाच फूट, सुती पाचवारी, चष्म्याला दोरी. त्या बारावी शिकलेल्या होत्या. महिनाभरात माझ्या लक्षात आलं की मुलांच्या चुका बाई माझ्याआधी पकडतात. मी त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं.

त्या लिफ्टने कधी आल्या नाहीत. तीन मजले चढून यायच्या. पिशवीत बॅटरी असायची, शिट्टी असायची आणि एका प्लास्टिकच्या डब्यात ओला नॅपकिन. रोज सकाळी तो नव्याने भिजवून आणायच्या. गॅस सुटला तर नाकाला लावायला. दुसऱ्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. आमची प्रोग्राम लिहिणारी ऋजुता सत्तावीस वर्षांची, हुशार आणि तोंडाने फटकळ. ती म्हणायची, "ताई, तुमच्या सुकटीपुढे गॅसचा वास तुम्हाला कळणार कसा?"

"तू हसून घे," घरतबाई म्हणायच्या. "भ्यायला काय पैसे पडत नाय. मी सगल्यांच्या वाट्याचा भिते."

टिंबं साफ करायला लागणारी संगणकाची भाषा त्या ऋजुताकडूनच शिकल्या. एका दुरेघी वहीत सगळ्या आज्ञा देवनागरीत उतरवून घेतल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे शिसपेन्सिलीने शेरा. दुबार टिंबांसाठी दोन आज्ञा होत्या. एक नुसती दाखवते की अमुक टिंब आधीच्या एखाद्या टिंबावर अगदी तंतोतंत बसलेलं आहे. दुसरी ती टिंबं गाळून उरलेली हातात देते. पहिलीपुढे बाईंनी लिहिलं होतं, 'ही दाखवते.' दुसरीपुढे, 'ही मारते.' दुसरी आज्ञा त्यांनी कधी वापरली नाही. पहिली चालवायच्या, यादी कागदावर छापून घ्यायच्या आणि एकेका ओळीवर पेन्सिल टेकवून बसायच्या. टिंब म्हंजे दार, असं त्या म्हणायच्या. खांबाची यादी असो की झाडांची, त्यांच्या तोंडी तेच.

झाडांच्या वेळची गोष्ट सांगते. एका रस्त्यावर दोन झाडांचं टिंब एकच आलं. एक ताड, एक पिंपळ. ऋजुता म्हणाली, मुलाने आधी चुकीचं झाड लिहिलं असेल आणि मग दुरुस्त करून परत पाठवलं असेल, उडवा एक. घरतबाईंनी त्या मुलाला फोन लावला. त्याला आठवेना. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बसने तिथे गेल्या. ताडाच्या खोडालाच पिंपळ फुटला होता आणि त्याने ताडाला असा विळखा घातला होता की दोन्ही एकाच जागी उभे. ऑफिसात येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत. "उद्या पिंपल तोडायला येतील," म्हणाल्या, "आनि कागदावर निस्ता ताडच असंल तर?"

एकदा जेवताना मी त्यांना विचारलं, एवढ्या कशाला घाबरता. तेव्हा त्यांनी तळवलीची जुनी हकीकत सांगितली. त्या लहान असताना एका दुपारी गॅस सुटला आणि सगळं गाव रस्त्यावर पळत आलं. घरातली माणसं मोजायला लागले. त्यांच्या घरात काशी नावाच्या दोघी, एक आजी आणि एक चुलती. कोणीतरी ओरडलं, "काशी आली का?" कोणीतरी म्हणालं, "आली, आली." संध्याकाळी घरी जाऊन बघतात तर आजी चुलीपाशी बसलेली. डोळे सुजलेले, घसा बसलेला, आणि सगळ्यांवर चिडलेली, की मी रांधून ठेवलंय ते कोण जेवणार.

"वाचली ती," घरतबाई म्हणाल्या. "पन नंतर तिला कधी पुरता दम घेता आला नाय."

"म्हणून तुम्ही घाबरता?"

"नाय वो मॅडम. मी आदीपासून भित्री. त्या दिवशी निस्ता कलला, का भितेय ता बरोबर हाय."

आता मुख्य गोष्ट. आम्हाला एक काम मिळालं होतं. कारखान्यांच्या पट्ट्याजवळ राहणारी, स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडू न शकणारी माणसं शोधायची. कोणी लकवा झालेलं, कोणी ऑक्सिजनवर, कोणी नुसतं म्हातारं. गॅस सुटला तर कोणत्या दाराशी गाडी न्यायची हे चालकांना फोनवर दिसावं म्हणून ती यादी हवी होती. या कामात घरतबाईंचं दोन किलो तरी वजन उतरलं असेल. डबा अर्धा परत न्यायच्या.

शुक्रवारी दुपारी यादी द्यायची होती. ऋजुताने प्रोग्राम चालवला आणि एकेचाळीस टिंबं दुबार म्हणून गळाली. घरतबाई तिच्या खुर्चीमागे उभ्या.

"एकेचालीस? ऋजुता, नावं तरी बघ."

"अहो ताई, लोकेशन सेम म्हणजे एन्ट्री डबल. नेट स्लो असतं, मुलं दोनदा सबमिट दाबतात. दर वेळी असंच होतं."

"आनि नावं येगली असली तर?"

"नावं मी घेतच नाही मोजायला. एकच माणूस तीन स्पेलिंगने येतो. फक्त लोकेशन बघायचं. टेन्शन घेऊ नका ना."

"मना दोन दिस द्या. मी फिरून येते."

ऋजुताने माझ्याकडे पाहिलं. वरून सकाळपासून तीन फोन आले होते. मी म्हटलं, "घरतबाई, सोमवारी दुरुस्ती पाठवता येईल. आज यादी जाऊ दे." आणि सही केली. इथे मी काही लपवत नाही. सही माझी होती.

घरतबाई प्रिंटरपाशी गेल्या. गळालेल्या एकेचाळीस ओळी छापून घेतल्या, चार घड्या घालून ब्लाउजमध्ये ठेवल्या आणि जिन्याने खाली गेल्या.

सोमवारी मी पोचले तेव्हा त्या माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. त्या दिवशी खिडकीकडेही गेल्या नव्हत्या. "मॅडम, चला," म्हणाल्या. शनिवार-रविवार त्या आपल्याच गावात फिरल्या होत्या. तळवलीतले नऊ फॉर्म एकाच टिंबावर होते. ते टिंब होतं बंद पडलेल्या एका पिठाच्या गिरणीच्या पायरीवर. आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद आणि घरं अशी एकमेकांवर चढलेली, की तिथे फोनला रेंज मिळत नाही. पाहणीची मुलगी शहाणी होती. तिने घरोघर जाऊन माणसं बघितली, नावं हातावर लिहिली, आणि बाहेर येऊन पायरीवर बसून नऊच्या नऊ फॉर्म तिथूनच भरले. प्रोग्रामने पहिला ठेवला आणि आठ गाळले. त्या आठांतल्या एका ओळीचं दार तेवढं बाईंना अजून सापडलं नव्हतं.

मी लगेच फोन केला. यादी घेणाऱ्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "ती तर चालकांच्या फोनमध्ये टाकून झाली मॅडम. नवीन पाठवा, दुपारनंतर बघू." नवीन यादीवर सही करायची तर या वेळी मला डोळ्यांनी बघायचं होतं. आम्ही रिक्षा करून तळवलीला गेलो.

गिरणीच्या पायरीपाशी उतरलो आणि पहिल्या गल्लीत शिरलो, तेवढ्यात रस्त्यापलीकडे भोंगा वाजायला लागला.

त्या दिवशी कोणीही दगावलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे इरा वाचताना रडणार नाही. पण आम्हाला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. आधी नुसता आवाज होता आणि लोक दारात येऊन एकमेकांना विचारत होते. मग वास आला. पोहण्याच्या तलावाचा असतो तसा, पण घशात टोचणारा. एका बाईने कपडे वाळत टाकले होते, ते तसेच सोडून ती मुलाला काखेत मारून पळाली. दुकानांची शटरं खाली येऊ लागली. मी घरतबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि हनुवटी हलत होती. जन्मभर ज्याची वाट बघितली ते आलं होतं. त्यांनी डबा उघडला, ओला नॅपकिन काढला आणि माझ्या हातात दिला. स्वतः पदर नाकाला लावला.

गाड्या लवकर आल्या, हे कबूल केलं पाहिजे. दोन गाड्या पायरीसमोर थांबल्या. चालकाने फोन बघितला, समोरच्याच घरातून धर्माजी भोईर नावाच्या म्हाताऱ्याला दोघांनी उचलून आत ठेवलं आणि दार ओढून घेतलं. धर्माजी म्हणजे प्रोग्रामने ठेवलेलं ते एक टिंब.

घरतबाई गाडीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, साइडला व्हा ना! पुढचा पॉइंट घणसोलीला आहे."

"आजून आठ हायत हितं."

"माझ्याकडे एकच दाखवतंय!"

"तुज्याकडं एक दाखवतंय, माज्याकडं कागद हाय. उतर खाली." त्यांचा आवाज चिरकत होता आणि दोन्ही हात गाडीच्या बॉनेटवर टेकलेले होते. मला वाटतं, हात टेकले नसते तर त्या खाली पडल्या असत्या.

"मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना," चालक मला म्हणाला.

मी सांगितलं की यादी चुकलेली आहे आणि त्या यादीवर सही माझी आहे. त्याने फोन डॅशबोर्डवर आपटला. मग शिवी देऊन खाली उतरला आणि मागच्या गाडीतल्यांना हाक मारली.

गल्लीत गाडी जात नाही, स्ट्रेचर वळत नाही. गावातली चार पोरं आणि त्या गाड्यांवरची माणसं मिळून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर म्हाताऱ्यांना उचलून आणत होती. एका आजोबांना दाराच्या फळीवर आणलं. घरतबाई पुढे धावत, दार दाखवत, "वरचा मजला, मागचा जिना," आणि परत पायरीपाशी येऊन प्रत्येकाच्या कपाळाला हात लावून नाव विचारत. नाव ऐकलं की कागदावर खूण. खोकत होत्या. मी म्हटलं, तुम्ही गाडीत बसा. त्यांनी ऐकलं नाही की ऐकू आलं नाही, कोण जाणे.

सात माणसं आली. शेवटची यमुना भोईर, वय चौऱ्याहत्तर, नाकात ऑक्सिजनची नळी. कागदावर तळवलीची एक ओळ उरली. तीही यमुना भोईर, वय चौऱ्याहत्तर.

"घरतबाई," मी म्हटलं, "ही खरंच दुबार आहे. नाव तेच, वय तेच, फोन नंबर तोच. त्या मुलीच्या हातून दोनदा गेलं असेल. झालं आता, चला."

त्यांनी गर्दीला विचारलं, "यमुना भोईर दोन हायत का?"

"एकच गो," एक बाई म्हणाली.

"मागच्या आळीला एक यमुना हाय ना भाड्यानं," दुसरा कोणी म्हणाला. "ती भोईर का कोन ता नाय ठावं."

चालकाने हॉर्न दिला. वास आता इतका झाला होता की डोळे उघडे ठेवता येईनात. घरतबाईंनी कागदाकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं. त्या किती घाबरल्या होत्या ते मला दिसत होतं. मग पदराचं टोक दातात धरून त्या आत गेल्या.

मी चालकाला म्हटलं, दोन मिनिटं. त्याने मोबाइलवर घड्याळ लावलं. यमुनाबाई माझा हात धरून विचारत होत्या, "कोनाला बघाया गेली ती?" मी काय सांगणार? तुम्हालाच, असं म्हणायचं? भोंगा थांबला आणि त्या शांततेने जास्त भीती वाटली. गल्लीच्या तोंडाशी वाळत टाकलेले कपडे तेवढे हलत होते. दोन मिनिटं होऊन गेली. चालकाने वाजणारं घड्याळ बंद केलं, पण गाडी हलवली नाही.

घरतबाई एकट्याच बाहेर आल्या. भिंतीला धरत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, हात रिकामे.

"नाय कोन," त्या म्हणाल्या. "कुलूप हाय. शेजारची बोलली, ती येगलीच, जाधव नावाची, कवाच गाव सोडून गेली. मॅडम, हीच यमुना दोनदा जालेय." आणि हसल्या. अकरा वर्षांत मी त्यांना एवढं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. पायरीवर कागद ठेवला, पेन्सिल काढली आणि ती ओळ खोडली. घाईत रेघ वरच्या ओळीतही गेली. त्यांनी ती रबराने पुसली आणि पुन्हा नीट मारली.

"चला, बसा लवकर," मी म्हटलं. गाडीत एकच जागा होती आणि यमुनाबाईंची नळी धरायला कोणीतरी हवं होतं. त्यांनी मलाच आत ढकललं. "मी चालत येते स्टेशनाकडं. लोक चाललेत ना."

दार लावता लावता त्या थांबल्या. हसणं गेलं होतं. दार धरूनच त्यांनी विचारलं, "मॅडम, ही एकावर एक व्हती म्हनून आपल्याला दिसली तरी. ज्यांचा टिंबच नाय पडला, त्यांचा काय?"

मी यमुनाबाईंची नळी सरळ धरली.

गाडी सुटली. मागच्या काचेतून मला दिसत होतं, लोक लगबगीने स्टेशनच्या दिशेने निघाले होते, कोणी मागे बघत नव्हतं. घरतबाई त्यांच्यात नव्हत्या. त्या गिरणीशेजारच्या पहिल्या बंद दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी कडी वाजवली, कान लावला, वाट बघितली आणि पुढच्या दाराशी गेल्या.